पाईक म्हणजे नोकर का?

प्रश्न थोडक्यात असा. एक तरुण आपल्या आजोबांच्या पहिल्या स्मृतिदिनासाठी छोटी पुस्तिका काढतो आहे. आजोबांनी तरुणपणी कलापथकातून गावोगाव फिरून काम केले, पुढे गावात वाचनालय चालवले. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर त्याने लिहिले, ‘साने गुरुजींच्या विचारांचे सच्चे पाईक’. घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी त्यावर बोट ठेवले. त्यांचे म्हणणे असे की पाईक म्हणजे नोकर, हुजऱ्या, आणि आजोबा कुणाचेच नोकर नव्हते. तिथे ‘निष्ठावंत’ किंवा ‘खंदे समर्थक’ लिही. तो विचारतो, पाईक शब्दाचा खरा अर्थ काय, तो आला कुठून, आणि बदलायचा की ठेवायचा?

मी पस्तीस वर्षे मुद्रितशोधन केले आहे. स्मरणिका, गौरवग्रंथ, संस्थांचे अहवाल यांत हा शब्द इतक्या वेळा डोळ्यांखालून गेला आहे की त्याच्याविषयी मला जिव्हाळा आहे. म्हणून जरा लांबण लागली तरी नीट सांगते.

पाईक हा शब्द पायाचा आहे. संस्कृतात पायी चालणाऱ्या सैनिकाला पदाति किंवा पादातिक म्हणत. चतुरंग सेनेत हत्ती, घोडा, रथ आणि चौथा हा पदाति. प्राकृतात त्याचे पाइक्क झाले. हा माझा तर्क नव्हे. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने प्राकृताचे व्याकरण लिहिले, त्यात अशा वळणाच्या शब्दांचे एक सूत्र आहे. मलिनचे मइल, शुक्तीचे सिप्पि आणि पदातीचे पाइक्क होते, असे तो त्या एकाच सूत्रात सांगून जातो. आपला मैला, आपली शिंप आणि आपला पाईक असे तिघे तिथे एका ओळीत बसलेले आहेत. मला ती ओळ पहिल्यांदा वाचताना फार आनंद झाला होता. आठशे वर्षांपूर्वीच्या व्याकरणात आपल्या रोजच्या बोलीतली माणसे भेटावीत तसे वाटले.

ध्वनी कसे बदलले तेही पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्री प्राकृताची एक ठळक खोड म्हणजे दोन स्वरांमध्ये सापडलेले त, द, ग असे व्यंजन गळून पडते. माताचे माआ, मग माय. पादचे पाअ, मग पाय. नगरचे नअर, मग नेर. (साने गुरुजी ज्या अमळनेरला शिक्षक होते, त्या गावाच्या नावातला नेर हाच.) पादातिकमधले द आणि त असेच गळले, शेवटचा क मात्र दुहेरी होऊन टिकला आणि पाइक्क उरले. आता मराठीची खोड आली. प्राकृतातले जोडव्यंजन मराठी सुटे करते आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ करते. सत्तचे सात, कम्मचे काम, भत्तचे भात. त्याच चालीने पाइक्कचे पाईक झाले. पाईकमधली ई दीर्घ का, याचे उत्तर इथे आहे.

इथे मुद्रितशोधकाची एक सूचना देऊन टाकते, कारण पुस्तिका छापायची आहे. मूळ शब्द पाईक, दीर्घ. प्रत्यय लागला की ऱ्हस्व: पाइकाला, पाइकांनी, पाइकांची. फूल-फुलाला, मूल-मुलाला या नियमानेच. ‘पायिक’ लिहू नये. स्त्रीसाठी वेगळे रूप नाही. ‘त्या या चळवळीच्या पाईक होत्या’ हे बरोबर आहे, ‘पाईका’ वगैरे करायला जाऊ नये. आणि पाईक एकटा उभा राहत नाही. कुणाचा, कशाचा ते सांगावे लागते. नुसते ‘ते सच्चे पाईक होते’ लिहिले तर वाक्य अर्धे राहते.

फारसीतही पैक असा शब्द आहे, अर्थ निरोप्या, जासूद, पळत जाऊन पत्र पोचवणारा. त्यामुळे पाईक फारसीतून आला असे काही जण सांगतात. पण हेमचंद्राचे सूत्र पाहिले की आपल्याकडची वाट घरचीच आहे हे दिसते. दोन्ही भाषांचे मूळ जुने आणि जवळचे असल्यामुळे पायाचे शब्द दोन्हीकडे सारखे निघाले, एवढेच. फारसीतला पियादा म्हणजे पायी चालणाराच. तो आपल्याकडे प्यादा होऊन आला, आणि बुद्धिबळाच्या पटावर प्यादे झाला. इंग्रजांचा पॉन आणि कचेरीतला प्यून हे शब्दही लॅटिनमधल्या पायावरूनच निघालेले आहेत. हे सगळे एका घरचे लोक, पण नशीब वेगवेगळे. ‘तो दुसऱ्याच्या हातातले प्यादे आहे’ असे म्हटले की ती निंदा होते. ‘तो या विचाराचा पाईक आहे’ म्हटले की तो गौरव. पाय तोच, चालणेही तेच, फरक कोण चालवतो याचा. प्यादे दुसरा कुणी उचलून पुढच्या घरात ठेवतो. पाईक स्वतः चालत जातो.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाकडे येते. त्यांचे म्हणणे अगदी निराधार नाही. पाईक हा स्वामीच्या चाकरीत असे, जुन्या कोशांतही ‘पायदळातला शिपाई’ या अर्थाबरोबर ‘सेवक, चाकर’ असे अर्थ सापडतात. पण त्यांनी पाईक आणि हुजऱ्या एका ओळीत बसवले, ते मला मान्य नाही. हुजऱ्या हा हुजूर या शब्दावरून आला. हुजूर म्हणजे समोर असणे, समक्षता. मालकाच्या नजरेसमोर राहणे, हाक मारली की पुढे येणे हे हुजऱ्याचे काम. पाइकाचे काम नेमके मालकाच्या नजरेआड असते. तो चौकीवर, वाटेवर, रणात. त्याला कुणी पाहत नसताना तो काय करतो यावर त्याची किंमत ठरते.

हा फरक मी माझ्या मनाने काढलेला नाही. तुकाराम महाराजांचे पाइकीचे अभंग ज्याने वाचले, त्याच्या मनात पाईक या शब्दाचा अर्थ कायमचा बदलतो. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, मुलूख लष्करांच्या टापांखाली असताना, देहूच्या एका वाण्याने शिपायाच्या पेशावर सलग अकरा अभंग रचले. त्यात पाइकाच्या कामाची इतकी बारीक माहिती आहे की वाचणारा चकित होतो. पाईक चोरवाटा जाणतो, शत्रूला आपला माग लागू देत नाही, स्वतःला राखून समोरच्याला चकवतो. महाराज मुख्यतः भक्तीविषयी बोलत आहेत, पण त्यासाठी त्यांनी निवडलेला माणूस देवळातला नाही, पायदळातला आहे.

त्यातली एक ओळ मी नेहमी सांगते: ‘विश्वासावांचूनि पाइकासी मोल नाहीं.’ पगार, पोशाख, हत्यार या कशानेच पाइकाचे मोल ठरत नाही, विश्वासाने ठरते. त्याच अभंगात ज्याला देह गवतासारखा आणि सोने दगडासारखे, त्या पाइकाला स्वामी वेगळा उरत नाही, असे म्हटले आहे: ‘पाइका त्या भिन्न नाहीं स्वामी.’ नोकर आणि मालक यांच्यातले अंतरच इथे पुसून टाकले आहे. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी हे लिहिले गेले, आणि तरीही आपण पाईक म्हणजे नोकर म्हणून त्याला खाली बसवतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

त्याच अभंगात ‘तो एक पाईक पाइकां नाईक’ असे येते. आपण ते नुसते यमक समजून पुढे जातो. पण शिवकाळातल्या पायदळाची रचना आठवा: सर्वांत खाली पाईक, त्यांच्या लहान तुकडीवर नाईक, मग हवालदार, जुमलेदार, हजारी. त्या काळच्या ऐकणाऱ्याला नाईक म्हणजे कुणी दूरचा नायक वाटला नसावा, आपल्या तुकडीतला, आपल्यातूनच वर आलेला माणूस वाटला असावा, असे मला वाटते. मग ओळ कशी वाचायची? ज्याचा सगळा भाव स्वामीच्या कामात आहे, तो पाईकच इतर पाइकांचा नाईक. बढती हुकुमाने मिळत नाही, भावाने मिळते.

आणि महाराज भाबडे नाहीत. पाइकांची ओळ एकसारखी नसते हे त्यांना पक्के ठाऊक आहे. कुणी सर्वस्व घेऊन कामाला तत्पर, तर ‘एक ते कुचर आशाबद्ध’. म्हणजे अंगचोर आणि काही तरी मिळेल या आशेने बांधलेले. कुणी प्रसंग नसतानाच आवेश आणतात आणि पाईक हे नाव फुकट मिरवतात. पोटासाठी हत्यार धरणारे वेठीचे म्हणून ओळखू येतात, आणि ‘जातीचा पाईक ओळखे पाइका’. इथे जात म्हणजे अस्सलपणा, ज्या अर्थाने आपण जातिवंत घोडा म्हणतो त्या अर्थाने. आजच्या कुठल्याही पक्षाच्या, संस्थेच्या, चळवळीच्या कार्यालयात जाऊन बसा. दोन तासांत हे सगळे प्रकार ओळखता येतात. ‘सच्चे पाईक’ या शब्दांतला ‘सच्चे’ म्हणूनच आला आहे. खोटे पाईकही असतात, हे भाषेला माहीत आहे.

शब्दाने महाराष्ट्राबाहेर काय काय पाहिले तेही थोडे सांगते. ओडिशात पाईक हा जमीन कसणारा शिपाई होता. लढाईच्या चाकरीबद्दल त्याला सारामाफ जमीन असे. १८०३ मध्ये कंपनीने तो प्रदेश घेतला, पुढे नव्या सारापद्धतीत या जमिनी गेल्या, आणि १८१७ मध्ये खुर्द्याला बक्षी जगबंधू यांच्या नेतृत्वाखाली पाइकांनी उठाव केला. आसामात आहोम राजवटीत पाईक हा शब्द सैनिकापुरता उरलाच नाही. राज्यातल्या धडधाकट प्रौढ पुरुषाला आळीपाळीने राज्याची सेवा द्यावी लागे आणि त्या सगळ्यांनाच पाईक म्हणत. चौघांचा एक गट, त्यातला एक सेवेवर आणि बाकीचे त्याची शेती सांभाळणार. आपल्या शेजारी गोव्यात तर पाईक देवपदाला पोचला. तिथे पाईकदेव आहे, सांग्याला त्याचे देऊळ आहे. रक्षण करणारा शिपाई गावाच्या श्रद्धेत देव झाला. आपल्याकडे मराठवाडा-विदर्भात पाईकराव हे आडनाव आहेच. गुलामाच्या, हुजऱ्याच्या नावाला कुणी ‘राव’ लावून पिढ्यान्‌पिढ्या मिरवत नाही.

शब्दांचे चढउतार कसे असतात यासाठी शिपाई शब्दाकडे पाहावे. फारसीत सिपाह म्हणजे सैन्य, त्यातला तो सिपाही. आपल्याकडे सीमेवर लढणाराही शिपाई आणि कचेरीत फाइल नेणाराही शिपाई. पाईक मात्र पायदळातून बाहेर पडला तो कचेरीत गेला नाही. पायदळ गेले, संस्थाने गेली, पाइकाची चाकरी राहिली नाही, तेव्हा मराठीने तो शब्द विचाराकडे सोपवला. लोकशाहीचे पाईक, समतेचे पाईक, सत्यशोधक परंपरेचे पाईक. स्वामी माणूस होता तेव्हा तो वेतन देत होता, इनाम देत होता. विचार काहीच देत नाही. तरीही त्याच्यासाठी चालणारा माणूस उरतोच, आणि त्याच्यासाठी भाषेला तुकोबांनी घासूनपुसून ठेवलेला शब्द हाताशी होता.

आता पर्यायांविषयी, कारण ‘निष्ठावंत लिही’ असा सल्ला मिळाला आहे. निष्ठावंत शब्द चांगला आहे. निष्ठेच्या मुळाशी ‘स्था’ धातू आहे, म्हणजे उभे राहणे, एका जागी ठाम असणे. जो पक्ष, जो नेता, जी संस्था सोडून गेला नाही, तो निष्ठावंत. पण या शब्दात हालचाल नाही. घरी बसूनही निष्ठावंत राहता येते. अनुयायी म्हणजे मागून जाणारा, तोही एका परीने चालतोच, पण कुणाच्या तरी पाठीमागून. पाठीराखा म्हणजे मागे उभा राहून राखणारा, आणि तो बहुधा ताकदीने मोठा असतो. विठ्ठल भक्ताचा पाठीराखा, थोरला भाऊ धाकट्याचा. म्हणून नेत्याच्या साध्या कार्यकर्त्यांना ‘पाठीराखे’ म्हटलेले मला खटकते, आता ते रूढ झाले असले तरी. ‘खंदे समर्थक’ ही वर्तमानपत्री जोडी आहे. निवडणुकीच्या बातमीत शोभते, आजोबांच्या स्मरणपुस्तिकेत नाही. कट्टर तर नकोच. त्यात आपल्या बाजूच्या प्रेमापेक्षा दुसऱ्या बाजूचा द्वेष जास्त ऐकू येतो.

शिलेदार हा मात्र पाइकाला खरा जोडीदार आहे, आणि त्याच्याशी तुलना केली की दोघेही उजळतात. फारसीत सिलाहदार म्हणजे हत्यार बाळगणारा. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. म्हणजे ‘चळवळीचा शिलेदार’ म्हणताना आपण नकळत म्हणतो की हा माणूस स्वतःचे काही भांडवल घेऊन आला: पैसा, प्रतिष्ठा, विद्या. ‘बिनीचा शिलेदार’ म्हणजे त्यातही आघाडीच्या फळीतला, कारण बिनी म्हणजे सैन्याच्या पुढे चालणारी तुकडी. विसाजी कृष्ण बिनीवाले या पेशवाईतल्या सरदाराच्या नावात ती बिनी अजून आहे. ज्याने आपली जमीन विकून शाळा काढली त्याला शिलेदार म्हणावे. ज्याच्याजवळ द्यायला दोन पाय आणि आयुष्य एवढेच होते, आणि तेवढे ज्याने दिले, त्याला पाईक.

मला हा फरक एका म्हाताऱ्या कार्यकर्त्यांनी शिकवला. बरीच वर्षे झाली. एका स्मरणिकेचे काम माझ्याकडे होते. एकाच पानावर पाईक शब्द तीनदा आला, म्हणून पुनरुक्ती टाळायला मी एका ठिकाणी ‘अनुयायी’ केले. पुस्तक छापून झाल्यावर ते गृहस्थ शोधत माझ्याकडे आले. रागावले नव्हते. खुर्चीवर बसून, पाणी पिऊन, शांतपणे म्हणाले, “बाई, आम्ही मागनं गेलो नाही हो. आम्हाला पुढं धाडलं होतं. गावात आधी आम्ही जायचो, शिव्या आधी आम्ही खायचो, पुढारी मागनं यायचे.” माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या दिवसापासून मी लेखकाचा पाईक कधी बदललेला नाही.

त्यांच्या बोलण्यातले ‘पुढं धाडलं होतं’ हे शब्द महत्त्वाचे. पाईक पुढे जातो, पण स्वतःला मोठे करण्यासाठी नाही. त्याला कुणी तरी, कशाने तरी धाडलेले असते. स्वातंत्र्य आणि बांधिलकी या दोन्ही गोष्टी त्या शब्दात एकत्र राहतात. निव्वळ स्वतंत्र माणसाला आपण पाईक म्हणत नाही, निव्वळ बांधलेल्यालाही नाही. ‘आजोबा कुणाचे नोकर नव्हते’ हे अगदी खरे असेल, आणि तरीही, किंवा म्हणूनच, ते पाईक होते. नोकराला नोकरी सोडण्याची तारीख असते.

शब्द कशालाही चिकटवला की झिजतो, आणि पाइकाचेही तसे चालले आहे हे मी नाकारत नाही. वाढदिवसाच्या फलकांवर रातोरात पक्ष बदललेला माणूसही कुणाचा तरी पाईक असतो. पण त्यावर उपाय शब्द टाकून देणे हा नव्हे. जिथे तो शोभतो तिथे ठामपणे वापरणे, हाच आहे.

तेव्हा त्या पहिल्या पानाविषयी. वाक्य ठेवावे. त्यात एकच भर घालावी असे सुचवते: आजोबा कलापथकाबरोबर कुठकुठल्या गावांना गेले, ती नावे मिळतील तेवढी त्याच वाक्याच्या खाली द्यावीत. तालुका, वर्ष, सोबत कोण होते, मुक्काम कुणाकडे होता, हे घरातल्या जुन्या वह्यांत, पत्रांत सापडते, नाही तर त्यांच्या वयाच्या कुणाला तरी विचारून घेता येते. आणि ज्यांनी आक्षेप घेतला त्या वडीलधाऱ्यांना पाइकीचे अकरा अभंग सलग वाचून दाखवावेत. वाद घालण्यासाठी नको, नुसते वाचावेत, सकाळी निवांत. अर्धा तास पुरतो. छापायला देण्यापूर्वी ‘पाईक’ची ई दीर्घ आहे ना, एवढे मात्र पुन्हा पाहून घ्यावे.